रुमाल टाकलेली सीट

(पोलादपूरचा एसटी स्टँड. मुंबईची गाडी लागली आहे, दार अजून बंद आहे. ज्यांचे हात लांब, त्यांनी खिडकीतून रुमाल, पिशव्या आणि एकाने तर लेकराची टोपी सीटवर टाकून ठेवली आहे. कंडक्टर चहा घेतो आहे. बाकावर एक निवृत्त गुरुजी, आणि गावची क्रिकेट स्पर्धा आटपून मुंबईला निघालेला चाकरमानी.)

चाकरमानी : गुरुजी, हिशेब सरळ आहे. रन होत नाहीत ना? मग बाहेर बसा. सूर्यकुमारने 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-20त वर्षभरात एक फिफ्टी मारली नाही. वर म्हणाला, फॉर्म गेलेला नाही, फक्त रन गेलेत. आता मीही साहेबांना सांगतो, माझं काम झकास चाललंय, फक्त ते होत नाही.

गुरुजी : हसतोस खरा, पण तो अगदीच काही चुकीचं बोलला नव्हता. फॉर्म फॉर्म म्हणजे असतं तरी काय? पाच-सहा डाव. त्यात एक चेंडू खरोखरच न खेळता येण्यासारखा, एक झेल अफलातून, एकदा अंपायरचं बोट उगाचच वर. उरलं काय? सचिनचं बघ. 2003-04च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सुरुवातीचे डाव 0, 1, 37, 0, 44. पाच डावांत 82. त्यातला पहिला भोपळा तर अंपायर बकनरच्या बोटाचा. तुझ्या सरळ हिशेबाने त्याला मेलबर्नहूनच घरी धाडायला हवं होतं. पुढच्याच कसोटीत, सिडनीला, कव्हर ड्राइव्ह कुलपात घालून त्याने नाबाद 241 काढले. आता मला सांग, फॉर्म मेलबर्नला गेला होता आणि सिडनीच्या विमानात बसून परत आला का? पाच डावांवरून माणूस संपला म्हणणं म्हणजे पाच दिवस पाऊस नाही म्हणून सावित्री नदी आटली म्हणण्यासारखं आहे.

चाकरमानी : सचिनचं सोडा. तेव्हा त्याच्या नावावर 31 कसोटी शतकं होती. ज्याचं खातं जुनं, त्याला वाणी उधार देणारच. कालच्या पोराला कोण देईल?

गुरुजी : मान्य. जुन्या वहीला पाच डावांपेक्षा जास्त वजन हवंच. पण मग सगळ्यांची उधारी एकाच वहीत बघितली पाहिजे की नाही? करुण नायरने डिसेंबर 2016 मध्ये चेन्नईला नाबाद 303 केले, आणि लगेचच्या हैदराबाद कसोटीत तो बाहेर. का? तर अजिंक्य रहाणे दुखापतीतून बरा होऊन आला.

कंडक्टर : मग बरोबरच आहे. रिझर्व्हेशनवाला आला की बसलेल्याने उठायचं. भले तो तीनशे किलोमीटर बसून आलेला असो.

गुरुजी : बरोबर, आणि मी त्या निर्णयाला चूक म्हणत नाही. रहाणेची वर्षानुवर्षांची वही एका खेळीपेक्षा जाड होती. पण तेच माप पुढे लावून बघा. जानेवारी 2022 नंतर रहाणे बाहेर. श्रेयस अय्यरची पाठ धरली, म्हणून जून 2023 मध्ये ओव्हलला कसोटी अजिंक्यपदाच्या फायनलला त्याला बोलावलं. त्याने 89 आणि 46 केले, त्या सामन्यात आपल्याकडून सगळ्यांत जास्त. महिन्याभराने वेस्ट इंडीजमध्ये 3 आणि 8, की पुन्हा बाहेर, तो आजतागायत. तेव्हा फॉर्म बघितला म्हणावं तर ओव्हलचा विसरले, वही बघितली म्हणावं तर तीही मिटली. बघितलं काय? मागे रांगेत कोण उभं आहे ते. रांगेत कोणी नसलं की पाच भोपळ्यांना ‘थोडा धीर धरा’ म्हणतात. रांगेत वीस-बावीस वर्षांचा पोरगा उभा असला की दोन भोपळ्यांना ‘फॉर्म गेला’ म्हणतात. शब्द बॅट्समनसाठी वापरायचा, मोजायची मात्र सीट.

चाकरमानी : म्हणजे गावातल्यासारखंच.

गुरुजी : गावात निदान उघड असतं. भात कापल्यावर धसकटं काढून, पाणी मारून, चोपून ज्याच्या शेतात पीच करायचं, त्याचा पोरगा ओपनर. बांधापलीकडे सिक्स, विहिरीत गेला तर आऊट. हा पोरगा सलग तीन मॅचला पहिल्या बॉलवर दांडी उडवून येतो. त्याचा फॉर्म कधी कोणी काढलाय?

चाकरमानी : कोण काढील? पुढच्या वर्षी त्या शेतात वाल पेरील तो! पण मग मी म्हणतो तेच झालं ना, निवड समितीत निव्वळ राजकारण. आपला ऋतुराज गायकवाड डिसेंबर 2025 मध्ये रायपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 105 मारतो, आणि पुढच्या मालिकेला नावच नाही. मुंबई लॉबी, दुसरं काय!

गुरुजी : त्याच्या जागेवर श्रेयस परत आला, तो मुंबईचा आहे हे खरं. पण लॉबी म्हणायचं तर 2017ला सीट गमावणारा करुण कर्नाटकचा आणि 2023ला गमावणारा रहाणे मुंबईचा, हे जुळव. आणि राजकारण हा शब्द जरा जपून वापर. चवदार तळ्याच्या तालुक्याशेजारी बसून बोलतोयस. बाळू पालवणकरांनी 1911च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले, तरी जन्मामुळे हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना दिलं नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल, ते बॅट्समन, 1923ला कप्तान झाले. महाडचा सत्याग्रह त्यानंतर चार वर्षांनी. सीट रिकामी असून बसू न देणं हा अन्याय. ऋतुराजचं दुखणं वेगळं आहे. तिथे गाडीच भरलेली आहे.

कंडक्टर : भरलेली म्हणजे किती? आम्ही तरी उभे घेतो.

गुरुजी : क्रिकेटात उभे घेत नाहीत, हीच तर पंचाईत. अमोल मुजुमदार शाळेत असताना, 1988ला, सचिन-कांबळीची 664ची भागी चालू होती तेव्हा पॅड बांधून बसला होता. पुढे रणजी पदार्पणात 260, कारकिर्दीत 11,167 धावा, 30 शतकं. त्याचा फॉर्म कधी गेला होता? पण 1996च्या जूनमध्ये लॉर्ड्सला द्रविड आणि गांगुली एकदमच गाडीत चढले, नोव्हेंबरात लक्ष्मण. पॅड काही सुटले नाहीत.

चाकरमानी : मग निवड समितीने करायचं तरी काय? सगळ्यांना धीर द्यायचा म्हटला तर नवीन पोरं म्हातारी होतील.

गुरुजी : काढा की! फक्त खरं कारण सांगा. ‘तू वाईट खेळतोस’ म्हणू नका, ‘आम्हाला दुसरा बघायचाय’ म्हणा. पहिलं ऐकून पोरगा आपली चांगली चाललेली बॅट बदलतो, स्टान्स बदलतो, आणि मग फॉर्म खरोखरच जातो. शफाली वर्मा वर्षभर वनडे संघाबाहेर होती, विश्वचषकाच्या पंधरातही नव्हती. प्रतीका रावलचा घोटा दुखावला म्हणून ऐन सेमीफायनलला बोलावली. तिथे 10, आणि 2 नोव्हेंबर 2025ला नवी मुंबईत फायनलला 87. आणि त्या संघाचा कोच कोण? मुजुमदारच.

(कंडक्टर दार उघडतो. चाकरमानी किटबॅग सावरत आत घुसतो आणि तसाच खिडकीतून डोकं बाहेर काढतो.)

चाकरमानी : ओ कंडक्टर, मी इथे रुमाल टाकला होता, त्यावर दुसराच रुमाल आहे!

गुरुजी : तो माझा. तू सूर्यकुमारला काढत होतास ना, तेव्हाच टाकला.

चाकरमानी : गुरुजी! पण पहिला माझा होता!

गुरुजी : मी माणगावला उतरेन. तोवर उभा राहा, आणि दांडा घट्ट धर.