हंगामी कायम

साखर कारखान्याच्या पगारपत्रकात कामगारांचा एक प्रकार असतो : 'हंगामी कायम'. माणूस हंगामापुरता, पण दर हंगामाला तोच. पट्टा पडला की घरी बसायचं, बॉयलर पेटला की हजर व्हायचं, आणि याच ये-जा करण्यात केस पिकवायचे. ज्या कुणा कारकुनाला हे दोन शब्द शेजारीशेजारी बसवायचं सुचलं, त्याला आमचा नमस्कार. अमेरिकेला हीच अवस्था सांगायला एच-१बी, एच-४, आय-१४०, आय-७६५ अशी मोटारींच्या नंबरप्लेटसारखी नावं लागतात.

हे सगळे नंबर आम्हाला पाठ आहेत, कारण आमच्या गल्लीत अण्णा राहतात. निवृत्त हेडमास्तर. त्यांचा थोरला २०१० साली एच-१बीवर अमेरिकेला गेला. 'तीन वर्षांसाठी चाललाय,' असं तेव्हा अण्णांनी चौरस्त्यापर्यंत सांगून ठेवलं होतं. तीनाची सहा झाली. कायद्याने सहावर थांबायचं असतं. पण ग्रीन कार्डाच्या रांगेत पाटी ठेवली असेल, तर तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळत राहते. थोरल्याने पाटी ठेवली २०१४ साली. एका देशाच्या वाट्याला एकूण कार्डांपैकी सात टक्क्यांहून जास्त जायची नाहीत, असा तिथला दंडक. भारतही एक देश, आइसलंडही एक देश. त्यामुळे २०२५ साली थोरल्याच्या रांगेत जे लोक खिडकीपाशी पोचले होते, ते २०१३ सालचे. 'म्हंजे वर्षभराचाच फरक राहिला की!' अण्णा खूश. रेशनच्या रांगेत कधी उभे न राहिलेले गृहस्थ. समोरची रांग हलते की नाही हे घड्याळात नव्हे, पुढच्या माणसाच्या पाठीवर बघायचं असतं, हे त्यांना कोण सांगणार?

वास्तविक अण्णांना हे समजायला हवं. त्यांच्या वडिलांनी हाच खेळ निजामाच्या राज्यात बघितला होता. तेव्हा आमचं उमरगा हैदराबाद संस्थानात आणि सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. मधे करोडगिरीचा नाका. संस्थानात सरकारी नोकरी हवी तर 'मुलकी' असावं लागे. सोलापूरचा माणूस 'गैरमुलकी', म्हणजे साक्षात परदेशी. पण बाहेरच्यालाही मुलकी होता येई. पंधरा वर्षं राहा, आणि परत जायचा विचार सोडला असं प्रतिज्ञापत्र लिहून द्या, की झालात मुलकी. आता हिशोब करा. थोरल्याला अमेरिकेत २०२५ साली पंधरा वर्षं झाली. मीर उस्मान अली खानाने त्याला एव्हाना हातात कागद देऊन मोकळं केलं असतं. सतरा सप्टेंबरला मुक्तिदिनाच्या झेंड्याला सलाम ठोकणारा माणूस मी. निजामाची बाजू घ्यायची पाळी माझ्यावर वॉशिंग्टनने आणली.

आणखी गंमत अशी की निजाम 'परत जाणार नाही' असं लिहून मागायचा, अमेरिका अण्णांकडून 'परत येणार'ची खात्री मागते. नातवाच्या मुंजीसाठी व्हिसा काढायला ते मुंबईला गेले, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी विचारलं, भारतात तुमचं काय आहे? अण्णांनी सातबारा काढला, पेन्शनबुक काढलं, आणि शेवटी म्हणाले, 'म्हैस आहे.' व्हिसा दहा वर्षांचा मिळाला. गल्लीचं मत असं की काम म्हशीने केलं.

त्या अर्जाचा फोटो हे स्वतंत्र प्रकरण. दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरा पडदा, चष्मा काढून. आमच्या फोटोवाल्याने सवयीने मागे निळं आभाळ टाकलं आणि अण्णांना दोन छटा गोरं केलं. तो गेला वाया. दुसऱ्यांदा चष्मा काढून बसवलं तर समोरचा कॅमेरा दिसेना, नजर कपाटाकडे. तिसऱ्यांदा जमला. तो फोटो आता भिंतीवर आहे, आणि तो कुणाचा, असं घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो.

जन्मस्थळाचं तर विचारूच नका. उमरगा इंग्रजीत काही कागदांवर 'ओ'ने सुरू होतं, काहींवर 'यू'ने. जिल्हा थोरल्याच्या दाखल्यावर उस्मानाबाद, नातवाच्या ताज्या कागदावर धाराशिव. बाप-लेक वेगवेगळ्या जिल्ह्यांतले कसे, हे अमेरिकन साहेबाला समजावून सांगायला मंत्रिमंडळाची आख्खी बैठक न्यावी लागेल.

तर २०२५ साली गाडी अडली सूनबाईंपाशी. सूनबाई एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या शेपटाला. अशा बायकांना नोकरी करायची मुभाच २०१५ सालापासूनची. तोवर इंजिनिअर झालेल्या मुली तिकडे घरी बसून शेवया वळत होत्या म्हणायचं. आता कामाचं वेगळं कार्ड मिळतं. त्याची मुदत नवऱ्याच्या मुदतीला बांधलेली, त्याची कंपनीच्या अर्जाला, आणि कंपनीची कुणाला बांधलेली ते देव जाणे. एक दावं दुसऱ्या दाव्याला. मुदत संपण्याआधी सहा महिने नवा अर्ज टाकता येतो. एक बरी सोय होती : वेळेत अर्ज टाकला, तर निकाल येईतो जुन्याच कार्डावर ५४० दिवसांपर्यंत काम चालायचं. सरकारने ही सोय २९ ऑक्टोबर २०२५ ला जाहीर करून ३० पासूनच्या अर्जांना बंद केली. एका रात्रीत. आमच्याकडे मुंबईत निघालेला जीआर उमरग्याला पोचेपर्यंत माणूस निवांत तीन-चार गुन्हे करून घेतो. अमेरिकेत ती उसंत नाही.

सूनबाईंचा अर्ज दिवाळीआधीच भरून तयार होता. पण अण्णांनी फोनवर सांगितलं, 'गडबड करू नका. कार्तिकी एकादशीला टाका. पांडुरंगाचा दिवस.' कार्तिकी आली २ नोव्हेंबरला.

त्या दिवसापासून अण्णा पांडुरंगाशी बोलत नाहीत. सूनबाई अण्णांशी बोलत नाहीत. कार्ड येईपर्यंत जुनं संपलं तर त्या दिवशी नोकरी बंद. त्याआधी सप्टेंबरातच नव्या एच-१बीला एक लाख डॉलर लागणार असं फर्मान निघालं होतं. जुन्या माणसाच्या मुदतवाढीला ते नाही, हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. तोवर सुट्टीवर आलेली अनेक पोरं जेवणं टाकून विमानतळाकडे पळाली होती. अण्णांनी त्या रात्री एक लाख गुणिले अठ्ठ्याऐंशी असा गुणाकार पाटीवर करून बघितला. म्हशीची किंमत त्यात कुठेच बसेना.

मी त्यांना धीर द्यायला गेलो. म्हटलं, अण्णा, अमेरिकेत भूकंपवाल्यांना आणखी एक सवलत असते. मायदेशी मोठं संकट कोसळलं, तर आधीपासून तिथे असलेल्यांना तात्पुरतं ठेवून घेतात; सहा ते अठरा महिन्यांची मुदत, मग नूतनीकरण. एल साल्वादोरला २००१ साली भूकंप झाला. त्या सवलतीवर राहिलेले लोक २०२५ सालीही तात्पुरतेच होते. त्यांची नातवंडं इथे जन्मली असती तर आपल्या शाळेत आली असती.

अण्णा म्हणाले, 'आपला भूकंप त्र्याण्णवचा. आपण चुकलो. तेव्हाच पोराला पाठवायला पायजे होतं.'

३० सप्टेंबर १९९३. विसर्जन करून लोक झोपले होते, पहाटे चारच्या आत जमीन हलली. त्यात उद्ध्वस्त झालेलं सास्तूर तेव्हा आमच्याच तालुक्यात. नंतर गावोगाव पत्र्याची शेडं उभी राहिली, 'तात्पुरता निवारा' म्हणून. माझ्या ओळखीच्या एका शेतात त्यातलं एक अजून आहे. आत कडबा आहे. पक्की म्हणून बांधलेली घरं मागून आली, गळायला मात्र आधी लागली, असं तो शेतकरी सांगतो. शेडाला त्याने दोनदा रंग दिलाय.

या सगळ्या धावपळीत अण्णांच्या मागच्या खोलीतल्या भाडेकरूकडे कुणाचं लक्षच नव्हतं. पीओपीचं काम करणारा पोरगा, गोरखपूरकडचा. नऊ वर्षं झाली. भाडेकरार मात्र अकरा महिन्यांचा. बाराव्या महिन्यात भाडेकरूचे हक्क लागतात, असं अण्णांना कुणीतरी सांगितलंय. दर अकरा महिन्यांनी नवा स्टॅम्प, नवे पाचशे. लग्न इथे असताना केलं, पोरगी इथल्याच अंगणवाडीत जाते, आणि अण्णांच्या देवघरावरची घुमटी त्यानेच फुकट करून दिलीय.

परवा मी गेलो तेव्हा तो दारात उभा होता. करार संपायला पाच महिने होते.

'आत्ताच कागद आणून दे,' अण्णा त्याला सांगत होते. 'सहा महिने आधी अर्ज टाकावा लागतो. उशीर झाला तर खोली बंद. जुन्या करारावर चालवून घेणार नाही मी.'

'घ्या की ओ अण्णा. आधार, पोलिसाचा कागद, समदं आणलंय.'

'फोटो?'

त्याने फोटो दिला. अण्णांनी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. मागे निळं आभाळ होतं.

'पांढरा पडदा पाहिजे. आणि चष्मा काढून.'

'मला चष्मा हाय कुठं अण्णा?'

'ते मला सांगू नको,' अण्णा म्हणाले. 'काढून ये.'