साठ वर्षांचे मालक

आमचे मेहुणे पुण्याला राहतात आणि आम्ही नवी मुंबईत. त्यांची जमीन फ्रीहोल्ड आणि आमची सिडकोची लीजहोल्ड, हे त्यांना कुठूनसं कळलं आणि तेव्हापासून ते आमच्याकडे आले की सोफ्यावर जरा बेतानंच बसतात.

"भाऊजी, म्हणजे साठ वर्षं झाली की सिडकोवाले येऊन 'उठा' म्हणणार?"

त्यांना मी अनेकदा समजावलं आहे. सिडको १९७० साली निघाली. शेतकऱ्यांची जमीन सरकारनं संपादित करून तिच्या हवाली केली. सिडकोनं ती विकली नाही, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली. तेव्हा आमच्या इमारतीखालची जमीन सिडकोची, भाडेपट्टा सोसायटीच्या नावानं आणि मी त्या सोसायटीचा सभासद. दारावरची पाटी तेवढी निर्विवाद माझी, कारण ती मी पैसे देऊन रंगवून घेतली आहे.

"पण मुदत संपल्यावर काय?" मेहुण्यांचा सूर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसा असतो.

मुदत संपली की नूतनीकरण करायचं, त्याचे काय पैसे लागतील ते भरायचे. मुंबईत तर नव्व्याण्णव आणि नऊशे नव्व्याण्णव वर्षांचेही पट्टे आहेत. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळात, १०६० साली झालं. त्या वर्षी कुणी नऊशे नव्व्याण्णव वर्षांचा पट्टा लिहून घेतला असता तर तो २०५९ पर्यंत चालला असता. मध्ये यादव, सुलतान, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज येऊन गेले तरी सोसायटीची सर्वसाधारण सभा कोरमअभावी तहकूबच होत राहिली असती.

खरी गंमत लीजहोल्ड घर विकत घेताना असते. आम्ही आमचं रीसेलमध्ये घेतलं. विकणाऱ्याला पैसे दिले, सरकारला मुद्रांक शुल्क दिलं, सिडकोला ट्रान्सफर चार्जेस दिले आणि शेवटी सोसायटीपुढे उभे राहिलो. शहरातल्या सोसायटीला हस्तांतराचं प्रीमियम म्हणून पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही, हे मी वाचून गेलो होतो. खजिनदारांनीही ते वाचलं होतं. त्यांनी पंचवीस हजारांचीच पावती फाडली आणि म्हणाले, "बाकी देणगी. ती पूर्ण ऐच्छिक आहे. तुमची इच्छा झाली की सांगा, तोवर मी एनओसी टाईप करून ठेवतो."

इच्छा झाली.

त्या बदल्यात मिळालेलं शेअर सर्टिफिकेट मी अधूनमधून काढून बघतो. पाच शेअर, प्रत्येकी पन्नास रुपये, एकूण अडीचशे. ज्या घरापायी वीस वर्षं हप्ते भरले, त्याचा हा दाखला. मागच्या बाजूला हस्तांतराचा तक्ता आहे. त्यात पहिलं नाव शाईच्या पेनानं, दुसरं बॉलपेननं, तिसरं माझं, आणि माझ्या नावावर सोसायटीचा शिक्का उलटा उमटलाय. खाली चार रकाने मोकळे आहेत. बायको म्हणाली, लॅमिनेट करून घ्या. म्हटलं, मग पुढच्याचं नाव कुठे लिहायचं?

शेजारच्या अण्णांचा प्रश्न वेगळा. त्यांना तीन मुलगे. नॉमिनेशनच्या फॉर्मवर त्यांनी मधल्याचं नाव घातलं, कारण त्या दिवशी तो घरी होता. आता मधला पडदे बदलायच्या गोष्टी करतो आणि थोरला बोलत नाही. मी सांगितलं, "अण्णा, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारस ठरेपर्यंत सोसायटीनं ज्याच्याशी बोलायचं तो माणूस. घर कुणाला द्यायचं ते मृत्युपत्रात लिहा." अण्णा विचारात पडले. म्हणाले, "मधल्याला हे सांगू नका. दवाखान्यात तोच नेतो."

पुतण्यानं मागच्या वर्षी घर एकट्या बायकोच्या नावानं घेतलं. घरातल्या सगळ्या बायकांनी आपापल्या नवऱ्याकडे पाहिलं. स्त्री खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे पुतण्यानं मला जिन्यात सांगितलं.

असो. मेहुणे. गेल्या दिवाळीत ते पुन्हा फ्रीहोल्डवर आले. आपण बिल्डरकडून पार्किंगसुद्धा विकत घेतलंय, पावती आहे, असंही म्हणाले. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय की उघडी किंवा स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सोसायटीची. हे मी सणासुदीचं बोललो नाही. फक्त विचारलं, "तुमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालं ना?"

"म्हणजे?"

म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं. १९६३ च्या मोफा कायद्याच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदवल्यापासून चार महिन्यांत बिल्डरनं ते करायचं असतं. मेहुण्यांच्या इमारतीला वीस वर्षं झाली आहेत. मी मोबाईलवर महाभूलेख उघडलं, त्यांच्याकडून गट नंबर घेतला आणि सातबारा काढला. भोगवटादार म्हणून अकरा नावं होती. त्यात मेहुणे नव्हते, सोसायटी नव्हती, बिल्डरसुद्धा नव्हता. एका नावापुढे 'अज्ञान, अ.पा.क. आई' असं होतं. ते अज्ञान बालक आता नातवंडं खेळवत असेल. आणि इतर हक्कांच्या रकान्यात विहिरीसाठी घेतलेल्या कर्जाचा बोजा.

"विहीर? आमच्याकडे कुठे विहीर आहे?" मेहुणे म्हणाले.

"तुमच्या पार्किंगखाली असेल."

चकलीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला. आमच्या लीजहोल्डात निदान जमिनीचा करार सोसायटीच्या नावानं नोंदलेला तरी आहे, हे मी तेव्हा बोललो नाही. बायको बोलली.

उपाय आहे. बिल्डर करून देत नसेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण घेता येतं. कायद्यात ही सोय २००८ साली झाली. मेहुण्यांनी परत गेल्यावर सभेत हा विषय काढला आणि विषय काढला म्हणून सभेनं त्यांनाच सेक्रेटरी केलं. आता ते प्रत्येक सभासदाकडून नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स-टू गोळा करत फिरतात. एकाचा करारनामा बँकेत अडकलाय, एक डलासला आहे, आणि तळमजल्यावरच्या काकू म्हणतात, मूळ प्रत कुणाच्या हातात द्यायची नाही असं ह्यांनी जाताना सांगितलंय. वकील म्हणाले, हे सगळं होऊन दस्त नोंदला गेला की मग सातबाऱ्यावर फेरफार, तो वेगळा विषय.

परवा वहिनींचा फोन आला. "हे झोपेतही 'प्रमाणित प्रत, प्रमाणित प्रत' करतात हो. तुमच्याकडे एखादा टू-बीएचके असेल तर बघून ठेवा. साठ वर्षांचा असला तरी चालेल."

मी ट्रान्सफर चार्जेस सांगितले, मुद्रांक शुल्क सांगितलं, पंचवीस हजार सांगितले.

"आणि देणगी?"

"ऐच्छिक आहे," मी म्हटलं. "खजिनदार तेच आहेत."