गच्चीतली भेंडी, सकाळचं वरण
कोकोपीट, निंबोळी पेंड, गांडूळखत आणि देखण्या कुंड्या एवढा खर्च झाला की गच्चीत चार भेंड्या लागतात. त्यांचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतात. रात्रीची भाजी मात्र मोरीच्या पाण्यावर आपोआप माजलेल्या अळूची होते. त्यात चिंच घालायची राहिली तर घसा खवखवतो आणि बागकामाचं कौतुक तिथेच थांबतं. बाकी सगळं सकाळचं उरलेलं. उकळत्या वरणात लाटलेल्या कणकेचे शंकरपाळे सोडले की वरणफळं; शिळ्या पोळ्या कांद्याच्या फोडणीत परतल्या की कुस्करा. हेच हॉटेलात 'झिरो वेस्ट' म्हणून मातीच्या वाडग्यात आलं, तर सांगतील ती किंमत मोजून आपण माना डोलावतो. घरी 'आज पुन्हा तेच?' विचारणाऱ्यांनी निदान आपलं ताट तरी घासावं.