मोशे आणि पुरणयंत्र

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर तेली का मंदिर आहे. हे नाव कसं पडलं यावर जाणकारांचं एकमत नाही, आणि ते होऊही नये. उन्हात उभं राहून वाद घालण्याचं सुख जाईल. मला मात्र त्या उंच भिंतींच्या सावलीत भलतेच तेली आठवतात: कोकणातले, अलिबागकडचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. ते ज्यू; स्वतःला बेने इस्रायल म्हणत. नौगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, त्यातून वाचले ते आपले पूर्वज, असं ते सांगतात. पोथ्या बुडाल्या, बोली मराठी झाली, आडनावं पेणकर, राजपूरकर अशी गावांवरून पडली. शनिवार तेवढा तरंगत राहिला.

पुढे पोथ्याही परत मिळाल्या. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. त्यांचे ५४ भाग, दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, एक. वर्ष लहान असेल तर काही शनिवारी जोडभाग. वाचून झालं की त्यातून कुणीतरी रोजच्या जगण्यापुरता बोध काढायचा. मला मौज वाटते ती क्रमाची. मनासारखी गोष्ट निवडायची सोयच नाही. अब्राहाम भर उन्हात वाटसरूंना सामोरा धावतो आणि जेवायला थांबवून घेतो, त्या आठवड्याला बोध आपणहून पानात पडतो. यिथ्रोच्या आठवड्यालाही अडचण नाही. जावई मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलेला पाहून सासरा म्हणतो, अशानं तू झिजशील, हाताखाली माणसं नेम. जावयानं ते चक्क ऐकलं. सिनाय पर्वतावरच्या दहा आज्ञा ज्या भागात येतात, त्या भागाला नाव या सासऱ्याचं आहे. आमच्या घरचे जावई या माहितीवर अजून विचार करताहेत. पण पुढे लेवीय ग्रंथ लागतो. अंगावरचे चट्टे, कपड्यांवरची बुरशी, भिंतींवरचे हिरवट-तांबूस ओरखडे. यातून माणसानं काय शिकावं?

आमच्या आजीला हा प्रश्न पडला नसता. कीर्तनाचं वेड आमच्या ग्वाल्हेरला जुनंच; तानसेन समारोहातही सनईनंतर ढोलीबुवांची हरिकथा होते, मिलाद होतो, आणि मग गवयांची पाळी येते. आजी कीर्तनाहून परतताना पदराला काहीतरी बांधून आणी. बुक्का असे, खडीसाखर असे, आणि एक बोध असे. तो मात्र दुसऱ्यासाठी. सुदाम्याच्या पोह्यांवरून तिनं रिकाम्या हातानं येणाऱ्या पाहुण्यांची यादी केली होती. द्रौपदीच्या थाळीला चिकटलेल्या भाजीच्या पानावर तिची आणि भांडीवाल्या मावशींची खडाजंगी व्हायची. मावशी म्हणायच्या, थाळी लख्ख घासली असती तर कृष्णानं काय खाल्लं असतं? आजी निरुत्तर होई, मावशी भांडी तशीच पालथी घालत.

म्हणूनच मला वाटतं, बेने इस्रायलांनी कीर्तन उचललं यात नवल नाही. १८८० च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकरांसारखी माणसं उभी राहिली आणि मोशे, योसेफ झांजांच्या तालावर मराठीत आख्यानं होऊन अवतरले. जुन्या गोष्टीला हाताला धरून श्रोत्याच्या ओसरीपर्यंत आणायची विद्या कीर्तनकाराची आणि तोरातून बोध काढणाऱ्याची एकच.

लेवीय ग्रंथातल्या त्या डागाळलेल्या भिंतीचंच बघा. घराला डाग दिसला की मालकानं याजकाला कळवायचं. याजक येण्याआधी घरातलं सगळं सामान बाहेर काढायचं, म्हणजे ते अशुद्ध ठरणार नाही. एवढ्या कोरड्या नियमातून जुन्या रब्बींनी एक माणूस शोधून काढला. शेजारी त्याच्याकडे चाळणी मागायला येतो, तर हा म्हणतो, नाही हो आमच्याकडे. मग भिंतीला डाग पडतो, सामान रस्त्यावर येतं, आणि चाळणी सगळ्या आळीला दिसते. हे वाचलं आणि मला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला आमचा वाडा दिसला, होळीच्या आदल्या दिवसाचा. साऱ्या वाड्यात पुरणयंत्रं मोजकी, मागणारी घरं फार. समोरच्या काकूंचं दरवर्षी नेमकं ‘बहिणीकडे गेलेलं’ असे, आणि दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातून त्याची कुरकुर ऐकू येई, पश्चात्ताप झालेल्या माणसानं दात खावेत तशी. त्या वाड्याच्या भिंतींना ओल भरपूर होती. याजक तेवढा कधी आला नाही.

पण माझा लाडका आठवडा याहून रुक्ष आहे. त्यात गोष्टच नाही. मिसरमधून निघाल्यापासून वाळवंटात केलेल्या ४२ मुक्कामांची नावं, इथून निघाले, तिथे उतरले, एवढंच. यावर जुन्या टीकाकारांनी एक दृष्टांत ठेवला आहे. आजारी मुलाला बरं करायला राजा दूर देशी घेऊन गेला. परतीच्या वाटेवर तो मुलाला एकेक जागा दाखवत येतो: कुठे झोप लागली होती, कुठे हुडहुडी भरली होती, कुठे डोकं दुखत होतं. एरवी रेल्वेच्या वेळापत्रकासारखी वाटणारी यादी मग वाचवत नाही, गळा दाटतो.

आणि एवढं चालून ती माणसं पोचत नाहीत. तोरा संपते तेव्हा मोशे यार्देनच्या अलीकडेच देह ठेवतो, लोक काठावर उभे, आणि वर्षाचं वाचन पुरं होण्याच्या सणाला, सिम्हाथ तोराच्या दिवशी, तिथेच पुन्हा पहिला ग्रंथ उघडून सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात होते. वाचणारे मात्र पोचले. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत स्थिरावले, आणि तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढून कोकणची आठवण काढू लागले.

आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसांचं उलटं झालं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, ती उठलीच नाही. तंबूंचे वाडे झाले, वाड्यांचे फ्लॅट झाले, गावाचं नाव अजून लष्करच. कुणी विचारलं, तुम्ही मूळचे कुठले, तर आम्ही तत्परतेनं वाई म्हणतो. वाईला आता आमच्या ओळखीचं कुणी नाही. तिथे गेलो की लॉजवर उतरतो, आणि लॉजवाला वही पुढे सरकवतो तेव्हा पत्ता लिहितो: लष्कर, ग्वाल्हेर.