बेसाला घर विकणे आहे

जाहिरातीप्रमाणे सगळं 'दहा मिनिटांवर': विमानतळ, मिहान, मनीषनगर, मेट्रो. याच हिशेबाने समुद्रही लिहून टाकायला हरकत नव्हती; नागपूरहून मुंबईचा किनारा रेल्वेने अवघा 800 किलोमीटरच्या वर. 'हवेशीर' मात्र लिहिलंय. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला, की दुपट्टा डोक्याला गुंडाळून ही हवा खावी.

घर बघायला गेलो. घरमालक काका म्हणाले, "भाऊ, आमच्या बाबांनी बांधलं. तेव्हा इथं नुसती वावरं होती." बाबा गेले, मुलं पुण्याला. हिस्से ठरले, भांडीसुद्धा वाटली गेली. तुळशीवृंदावन तेवढं कोणी मागितलं नाही. ते किमतीत धरलंय.

मी मुद्द्यावर आलो. नागपुरात माणसाचं गोत्र नंतर विचारतात, प्लॉटचं आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, आधी. वावराचे तुकडे पाडून उभ्या राहिलेल्या लेआउटांना सरळ करायला 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा आला, म्हणून विचारलं.

"अर्ज केलाय," काका म्हणाले.

"कधी?"

"बाबांनी केला होता."

म्हणजे घराबरोबर अर्जही वारसाहक्काने मिळणार. त्याचे वेगळे पैसे नाहीत, हा काकांचा मोठेपणा.

निघताना सहज विचारलं, "पावसाळ्यात पाणी साचतं का हो?"

"छे! साचलं तरी दोन-तीन दिवस. गच्चीवरून बघायला छान वाटते."

म्हणजे सी-व्ह्यू होता. जाहिरातीत टाकायचा राहून गेला.