‘एका तासात फुल चार्ज’वाल्या शेठना खुले पत्र

शेठ,

‘कारची बॅटरी एका तासात फुल चार्ज!’ ही तुमची पाटी पार चौकातून वाचता येते. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी शिशाची बॅटरी बनवली. तेव्हापासून शिसं आणि गंधकाम्ल स्वतःच्या गतीनंच काम करत आलेत. तुमच्या पाटीची लाज राखायला ती घाई करतील, असं तुम्हाला सांगितलं कुणी?

गाडी पावसाळाभर उभी राहिली आणि बॅटरी उतरली, दुखणं एवढंच होतं. पंचेचाळीस अ‍ॅम्पिअर-आवरची साधी बॅटरी. अशा बॅटरीला क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे साडेचार अ‍ॅम्पिअर करंट द्यायचा. पार उतरलेली असेल तर दहा तास, आणि काही वीज वाया जातेच, त्यापोटी आणखी एक-दोन. भरत आली की ती करंटही कमी कमी घेते. संध्याकाळी लावायची आणि सकाळी काढायची, असा हा सरळ हिशेब. तुम्ही चार्जरचा काटा तिसावर नेलात. तहानलेल्या वावरात बंबाचं पाणी सोडलं तर ते मुरत नाही, मातीच वाहून जाते. प्लेटांवरचा लेपही असाच सुटून सेलच्या तळाशी बसतो, प्लेटा वाकतात, पाणी उडून जातं.

न्यायला आलो तेव्हा बॅटरीवर हात ठेववत नव्हता. सहाही सेल खदखदत होते, झाकणांभोवती अ‍ॅसिडचे थेंब जमले होते. तुम्ही मल्टीमीटर लावून ‘बघा, तेराच्या वर’ म्हणालात. चार्जर नुकताच काढल्यावर मेलेली बॅटरीसुद्धा तेरा दाखवू शकते, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. काही तास तशीच ठेवून १२.६ ते १२.७ व्होल्ट टिकले, तर ती भरली म्हणायचं. हायड्रोमीटर तुमच्या काउंटरवरच धूळ खात पडला होता. तो एकेका सेलमध्ये बुडवला असता तर खरं काय ते मिनिटभरात कळलं असतं.

आठवडाही झाला नाही तोच गाडी पुन्हा ठप्प. तुमचं उत्तर तयारच होतं: ‘सेल गेलाय, नवीन टाका.’ सेल गेला नाही शेठ, तुम्ही घालवलात. आधी बॅटरी मारण्याचे पैसे घेतलेत, मग नवीन विकण्याचे. याला धंदा म्हणत नाहीत, लूट म्हणतात.

पैशांचं मी एक वेळ सोडून देईन. तुमच्या दुकानातल्या त्या पोराचं सोडणार नाही. चार्जर चालू असतानाच तो चिमटे ओढून काढत होता, दर वेळी टर्मिनलवर ठिणगी उडत होती. खदखदणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीनं पेटतो. तुमच्या मागच्या खोलीला खिडकी नाही, शटर अर्धं ओढलेलं, आणि तुम्ही स्वतः तिथं बिडी ओढत उभे! बॅटरी फुटली की अ‍ॅसिड सगळ्यात आधी तोंडावर उडतं. पोर तिच्यावर वाकलेलं, डोळ्यांवर चष्मा नाही, हातात मोजे नाहीत. स्वतःच्या मुलाला तिथं उभं कराल?

आधी लाल चिमटा पॉझिटिव्हला, काळा निगेटिव्हला, आणि मगच मेन स्विच चालू. काढताना आधी स्विच बंद, मग चिमटे. हे त्याला शिकवायला पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं तुम्ही दिली नाहीत, कारण तुम्हाला तासाचं गिऱ्हाईक हवं होतं.

पाटी उतरवा. खोलीला खिडकी पाडा, चार्जिंगच्या जागी बिडी बंद करा, अ‍ॅसिड उडालं तर धुवायला भरपूर पाणी हाताशी ठेवा. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा की उद्या सकाळी या. ज्याला घाई असेल तो जाईल दुसरीकडे. पोराचा चष्मा मात्र आजच आणा. मी येऊन बघणार आहे.

तुमचा एक गिऱ्हाईक