प्रयत्न चालू असल्याचा दाखला

ज्याला पैसे द्यायचे आहेत त्यानेच घेणाऱ्याच्या चांगल्या वर्तनाचा दाखलाही लिहायचा, ही योजना ज्या कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली, त्याला आमचा साष्टांग दंडवत. आपल्याकडे पेन्शनवाल्या आजोबांना दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचं सिद्ध करावं लागतं. यंत्राने अंगठा ओळखला नाही, तर आजोबा खिडकीसमोर उभे राहून खोकत असले तरी पेन्शन अडकतं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं इतकं खडूस नाही. परदेशी फौजेला बंदुका द्यायच्या असतील, तर तिथली माणसं हयात आहेत का, हे पाहायची सक्ती नाही. फौज त्यांना हयात ठेवण्याचा प्रयत्न करते आहे, एवढं लिहून दिलं की भागतं.

अतिशयोक्ती वाटत असेल तर एल साल्वाडोरची फाईल काढू. मध्य अमेरिकेतला हा चिमुकला देश १९८० नंतर यादवीत होरपळत होता. एकीकडे डावे गनिम, दुसरीकडे लष्कराच्या तालावर चालणारं सरकार. अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रेगनसाहेबांना या लष्कराला भरघोस मदत द्यायची होती. काँग्रेसमधल्या (आपल्या नव्हे, त्यांच्या) काही सभासदांना मात्र थोडी लाज वाटत होती. २ डिसेंबर १९८० रोजी तिथल्या नॅशनल गार्डच्या जवानांनी चर्चचं काम करणाऱ्या चार अमेरिकी स्त्रियांवर अत्याचार करून त्यांना ठार मारलं होतं. पैसे थांबवावेत तर कम्युनिस्ट येतील आणि द्यावेत तर मतदार विचारतील. तेव्हा तोडगा निघाला तो असा: मदत द्यायची, पण दर १८० दिवसांनी राष्ट्राध्यक्षांनी लिहून द्यायचं, की एल साल्वाडोरचं सरकार मानवी हक्क पाळण्याचा एकदिलाने आणि लक्षणीय प्रयत्न करत आहे आणि आपल्या फौजेवर ताबा मिळवत आहे.

प्रयत्न करत आहे, बरं का. यशाची अट कोणीही घातली नव्हती. असल्या परीक्षेत कधी कोणी नापास झाल्याचं ऐकलं आहे?

पहिला दाखला जानेवारी १९८२ मध्ये द्यायचा होता. त्याआधी, डिसेंबर १९८१ मध्ये, अमेरिकी प्रशिक्षकांनी घडवलेली अत्लाकात्ल बटालियन मोरासान प्रांतातल्या एल मोसोते या खेड्यात शिरली. पुरुषांना वेगळं काढलं, बायकांना वेगळं, मुलांना वेगळं, आणि त्याच क्रमाने मारलं. आसपासच्या वाड्या धरून मृतांची संख्या हजाराच्या घरात गेली. रुफिना अमाया ही बाई झाडाझुडपात लपून वाचली. तिचा नवरा आणि चार मुलं वाचली नाहीत. न्यूयॉर्क टाइम्सचे रेमंड बॉनर आणि वॉशिंग्टन पोस्टच्या अल्मा गिलेर्मोप्रिएतो हे दोघे तिथवर जाऊन आले, तिला भेटले, आणि २७ जानेवारी १९८२ रोजी दोन्ही पत्रांनी पहिल्या पानावर बातमी छापली.

दाखला निघाला २८ जानेवारीला. सरकारी कामाला उशीर होतो म्हणणाऱ्यांनी ही तारीख डायरीत लिहून ठेवावी.

तसा चौकशीत कसूर झाला असं कोणी म्हणू नये. वकिलातीचे दोन अधिकारी हेलिकॉप्टरने त्या भागावरून फिरून आले. खाली उतरून निर्वासितांशी बोलले. एल मोसोतेला मात्र पोचले नाहीत, कारण तो भाग गनिमांच्या ताब्यात होता. मग परराष्ट्र खात्याचे टॉमस एंडर्स यांनी काँग्रेसपुढे सांगितलं, की सरकारी फौजांनी पद्धतशीर कत्तल केली याला दुजोरा देणारा पुरावा सापडलेला नाही. यात खोटं काहीच नाही. पुरावा जिथे पडला आहे तिथे गेलं नाही तर तो सापडत नाही, हा निसर्गनियम आहे. पुढे टीकेची झोड उठली ती बातमी देणाऱ्या वार्ताहरांवर.

पुरावा आपल्या जागी दहा वर्षं थांबला. १९९२ मध्ये अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी तिथल्या चर्चलगतची एक छोटी खोली उकरली. १४३ सांगाडे निघाले, त्यांतले १३१ बारा वर्षांखालच्या मुलांचे. आणि २४५ काडतुसांची टरफलं. त्यांपैकी १८४ टरफलांच्या बुडावरचा ठसा वाचता आला: अमेरिकी सरकारसाठी मिसूरी राज्यातल्या लेक सिटीच्या कारखान्यात बनवलेली. एल साल्वाडोरच्या त्या सगळ्या कागदपत्रांत ज्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा असा हा एकच शिक्का.

अट होती तोवर दाखल्यांचा रतीब मात्र चुकला नव्हता. जानेवारी ८२, जुलै ८२, जानेवारी ८३, जुलै ८३. चार वेळा सुधारणा, चार वेळा प्रगती. अखेर रेगनसाहेबांनाच या लेखनकामाचा कंटाळा आला असावा. नोव्हेंबर १९८३ मध्ये अट पुढे चालू ठेवणारं विधेयक आलं, तेव्हा त्यांनी सही न करता ते बाजूला ठेवलं आणि मुदत संपू दिली. अमेरिकेत याला 'खिशातला नकाराधिकार' म्हणतात. अट खिशात गेली, मदत चालू राहिली.

आता एक गोष्ट, जी या सदराच्या स्वभावाला सोडून आहे, कारण तीत अट चक्क लागू पडते. १९८३ अखेरीस काँग्रेसने दुसरी एक ओळ लिहिली: त्या चार स्त्रियांच्या खुनाचा खटला चालून निकाल लागत नाही, तोवर लष्करी मदतीतले ३० टक्के मिळणार नाहीत. इथे प्रयत्नाला गुण नव्हते, कोणाच्या दाखल्याची गरज नव्हती. निकालाचा कागद आणा, पैसे न्या. तीन वर्षं रेंगाळलेला खटला मे १९८४ मध्ये उभा राहिला आणि पाच गार्ड दोषी ठरले. वरच्या साहेबांना हात लागला नाही, हे खरं. पण ज्या देशात सैनिकाला खुनासाठी शिक्षा होणं हीच नवलाई होती, तिथे एका ओळीने ते करून दाखवलं. अर्थात मृत अमेरिकी होत्या. एल मोसोतेच्या हजार माणसांसाठी अशी तीस टक्क्यांची ओळ कोणी लिहिली नाही. त्याच अत्लाकात्ल बटालियनच्या जवानांनी नोव्हेंबर १९८९ मध्ये सहा जेझुइट पाद्री, त्यांची स्वयंपाकीण आणि तिची मुलगी यांना मारलं, तेव्हा कुठे काँग्रेसने पुढच्या वर्षी निम्मी लष्करी मदत रोखण्याचा कायदा केला.

पुढे व्हरमाँटचे सिनेटर पॅट्रिक लेही यांनी १९९७ पासून त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आणला. माणूस तळमळीचा, कायदाही सरळ. खून, छळ, बेपत्ता करणं, बलात्कार यांची विश्वसनीय माहिती ज्या तुकडीबद्दल असेल, त्या तुकडीला मदत बंद. गुन्हेगारांना शिक्षा करण्यासाठी त्या सरकारने परिणामकारक पावलं उचलली तर पुन्हा चालू. मात्र बंद होते ती तुकडीची मदत. लष्कराची नव्हे.

याचा नमुना आपल्या शेजारी पाहायला मिळाला. स्वात खोऱ्यात पाकिस्तानी जवान तरुणांना ओळीने उभे करून गोळ्या घालताहेत असं दाखवणारी चित्रफीत आली. २०१० मध्ये अमेरिकेने पाकिस्तानी फौजेच्या मोजक्या तुकड्यांची मदत लेही कायद्याखाली तोडली, आणि त्याच महिन्यात पाकिस्तानी लष्करासाठी पाच वर्षांची २०० कोटी डॉलरची नवी योजना जाहीर केली. पाकिस्तान आणि दाखले हा तर वेगळ्या लेखाचा ऐवज आहे. पाकिस्तानकडे अणुबॉम्ब नाही, असं अमेरिकी राष्ट्राध्यक्ष १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दरवर्षी लिहून देत असत. १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून गेल्या, आणि १९९० मध्ये वॉशिंग्टनची नजर अचानक सुधारली.

दाखला देणं अगदीच अशक्य झालं तर 'राष्ट्रीय हितासाठी सवलत' नावाचं कलम आहेच. २००० मध्ये कोलंबियाच्या लष्कराला मोठी मदत देताना काँग्रेसने मानवी हक्कांच्या अटी घातल्या. क्लिंटन यांनी ऑगस्टमध्ये त्यांतल्या बहुतेक या कलमाखाली बाजूला सारल्या. २००२ ते २००८ या काळात त्या लष्कराने गरीब पोरांना मारून, गनिमांचे कपडे चढवून, त्यांना लढाईत पडलेले म्हणून दाखवलं. तिथल्या विशेष न्यायालयाने नंतर मोजलेला आकडा ६,४०२ आहे.

पण या कलेचं शिखर इजिप्तमध्ये गाठलं गेलं. लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं तर मदत बंद, असा अमेरिकेचा कायदा आहे. जुलै २०१३ मध्ये इजिप्तच्या लष्कराने अध्यक्ष मुर्सींना हटवून कैदेत टाकलं. ओबामांच्या प्रशासनाने बराच विचार केला आणि जाहीर केलं, की हा उठाव होता की नव्हता, हे ठरवण्याचं बंधन कायद्यात नाही, तेव्हा आम्ही ते ठरवणार नाही. पुढच्या महिन्यात कैरोत रबा चौकात एका दिवसात आठशेहून अधिक निदर्शक मारले गेले. काही विमानं अडवली गेली, ती २०१५ मध्ये सुटली. आज वर्षाचे १३० कोटी डॉलर जातात आणि त्यांतल्या थोड्या रकमेला मानवी हक्कांची अट चिकटवलेली असते. सप्टेंबर २०२४ मध्ये ९ कोटी ५० लाख डॉलर राजकीय कैद्यांच्या बाबतीत प्रगती झाल्याचा दाखला देऊन सोडले, २२ कोटी ५० लाख सवलतीच्या कलमाखाली सोडले. कैदी किती सुटले, हा खवचट प्रश्न आहे.

आणि या सगळ्यावर पहारा ठेवणाऱ्या सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष होते बॉब मेनेंडेझ. तपास यंत्रणांना त्यांच्या घरी सोन्याच्या विटा मिळाल्या. कोटांच्या खिशांत आणि पाकिटांत कोंबलेली रोकड चार लाख ८० हजार डॉलरच्या वर होती. जुलै २०२४ मध्ये ते लाच घेऊन इजिप्तचे हस्तक म्हणून वागल्याबद्दल दोषी ठरले, नंतर ११ वर्षांची शिक्षा झाली. आरोपपत्रातली एक बाब अशी, की इजिप्तचे अडलेले ३० कोटी डॉलर सोडा, अशी विनवणी सहकारी सिनेटरांना करणारं पत्र त्यांनी इजिप्तच्या वतीने गुपचूप लिहून दिलं होतं. दाखला देणाऱ्याने अर्जही स्वतःच लिहून द्यावा, यापेक्षा तत्पर सेवा ती कोणती?

इस्रायलला वर्षाला ३८० कोटी डॉलर मिळतात. त्याच्या तुकड्यांची तपासणी लेही कायद्याखालीच होते, पण इतरांपेक्षा लांबच्या, खास वाटेने आणि वरिष्ठांच्या संमतीने. जानेवारी २०२२ मध्ये जिलजिलिया गावात नेत्झाह येहुदा बटालियनने ७८ वर्षांच्या उमर असद यांना हात बांधून, तोंडात बोळा कोंबून थंडीत टाकून दिलं. ते मेले. कमांडरला समज मिळाली, दोन अधिकारी पदावरून हटले, फौजदारी खटला झाला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये परराष्ट्र खात्याने ठरवलं, की परिणामकारक सुधारणा झाली आहे, मदत चालू राहील. असद अमेरिकी नागरिक होते. १९८४ मध्ये चाललेलं हे नाणं आता चालत नाही.

बायडन यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एक फर्मान काढलं: अमेरिकी शस्त्रं कायद्याने वापरू, असं घेणाऱ्याने लिहून द्यावं. मे महिन्यात त्याचा अहवाल आला. इस्रायलने काही घटनांत ती शस्त्रं आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध वापरली असं मानायला जागा आहे, आणि इस्रायलने दिलेली हमी विश्वासार्ह आहे, अशी दोन्ही विधानं त्यात होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ते फर्मानच रद्द केलं.

लेही कायदा अजून पुस्तकात आहे. काँग्रेसला खरोखर काही करायचं असेल, तर नवा कायदा नको, नवी समिती तर नकोच. १९८३ ची ती ओळ पुन्हा लिहावी: निकाल लागेपर्यंत इतके टक्के रोखले जातील. मृताचा पासपोर्ट कुठला ते विचारू नये, आणि राष्ट्रीय हिताच्या सवलतीचं कलम तिच्या आसपास फिरकू देऊ नये.